संकेतस्थळांच्या जुन्या पत्त्यांचे जतन

पेडणे तालुक्यातील हळर्ण हे गाव नदीकाठच्या किल्ल्यामुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. दोडामार्गाकडून तिळारी या नावाने येणारी नदी गोव्यात शापोरा या नावाने ओळखली जाते आणि तिच्या काठी हा किल्ला उभा आहे. तो सावंतवाडीकर भोसल्यांकडे असताना १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मैदा याने जिंकून घेतला. या विजयाप्रीत्यर्थ पोर्तुगालच्या राजाने त्याला ‘मार्केश द अलोर्ना’ असा किताब दिला. पोर्तुगीज भाषेत ‘ह’चा उच्चार होत नाही आणि ‘ळ’ हे अक्षर तर तीत नाहीच. त्यामुळे हळर्णचे अलोर्ना झाले. पुढे १७८८ साली पेडणे महाल पोर्तुगीज अमलाखाली गेला व हेच रूप सरकारी दप्तरात कायम झाले. आजही इंग्रजी कागदपत्रांत आणि नकाशांत ते आढळते, आणि गावचा माणूस मात्र पूर्वीप्रमाणेच हळर्ण म्हणतो.

दोन नावे असूनही आजवर कोणाची गैरसोय झाली नाही, कारण दोन्ही नावांची वाट एकाच गावाला जाते हे मामलेदार कचेरीपासून टपाल कचेरीपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. अलोर्ना असे लिहिलेले पत्र हळर्णला पोचते. समजा, उद्या एखाद्या कचेरीने ठरविले की यापुढे अलोर्ना हे नाव लिहिलेला कोणताही कागद ओळखावयाचा नाही, तर किती खरेदीखते, किती जन्मदाखले आणि किती वारसाहक्काचे कागद एका दिवसात निरुपयोगी ठरतील, याची कल्पना वाचकांनी करावी. असा हुकूम कोणी काढणार नाही हे उघड आहे. परंतु शासकीय संकेतस्थळांच्या बाबतीत हा प्रकार कोणताही हुकूम न काढता, बहुधा कोणाच्या ध्यानातही न येता, घडत असतो.

फलकावरील पत्रक

काही काळापूर्वी प्रसिद्धीच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखक हळर्ण परिसरात गेला असता एक प्रसंग पाहावयास मिळाला. सूचना-फलकावर एका योजनेचे पत्रक लावलेले होते. अर्जाचा नमुना संकेतस्थळावर उपलब्ध आहे असे त्यात नमूद करून खाली पत्ता छापला होता. गावातील एक शिक्षक दोघा वृद्ध शेतकऱ्यांना मदत म्हणून तो पत्ता आपल्या मोबाइलवर एकेक अक्षर पाहून टंकित करीत होते. दोन वेळा त्यांनी तो पडताळून पाहिला. दोन्ही वेळा पडद्यावर इंग्रजीत एवढेच उमटले की, मागितलेले पान सापडले नाही. दोघांपैकी एकाने शांतपणे विचारले, “म्हणजे योजना बंद झाली, असेच ना मास्तर?” मास्तरांपाशी उत्तर नव्हते. दोघेही घरी परतले.

योजना बंद झालेली नव्हती. अर्जाचा नमुना त्याच संकेतस्थळावर होता व मुदतही शिल्लक होती. घडले होते इतकेच की, संबंधित खात्याने आपले संकेतस्थळ नव्या पद्धतीने बांधून घेतले होते आणि त्या ओघात प्रत्येक पानाच्या नावाच्या शेवटची अक्षरे बदलली होती. पूर्वी जेथे ‘एचटीएम’ होते तेथे आता ‘पीएचपी’ आले होते. बदल तीन अक्षरांचा, परंतु त्या कागदावरील पत्ता मृत झाला. तो बदल करणाऱ्या तंत्रज्ञास हळर्णच्या फलकाची माहिती असण्याचे कारण नव्हते. तशीच ती पत्रक काढणाऱ्या प्रसिद्धी शाखेस बदलाची माहितीही नव्हती. या दुसऱ्या प्रकारच्या अज्ञानात आम्ही प्रसिद्धी अधिकारीही सहभागी असतो, हे येथे प्रांजळपणे नमूद करणे उचित होईल.

पडद्यावरचा पत्ता चुकला तर कार्यालयात बसून दुरुस्त करता येतो. परंतु परिपत्रकात, शाळेच्या सूचनावहीत, बँकेच्या पत्रात, माहितीच्या अर्जाला दिलेल्या उत्तरात अथवा न्यायालयात दाखल झालेल्या कागदात जो पत्ता एकदा छापला गेला, तो पुन्हा कार्यालयाच्या हाती येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने बरीचशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असते व त्यासाठी इंटरनेटचाही उल्लेख त्या कलमात आहे. साहजिकच ‘सदर माहिती संकेतस्थळावर पाहावी’ असे उत्तर आता वारंवार दिले जाते. ते उत्तर खरे राहावयाचे असेल, तर त्यात दिलेला पत्ताही चालू राहावयास हवा.

पत्त्याच्या अखेरीस असलेली अक्षरे

संकेतस्थळाच्या पत्त्याचे घटक समजून घेणे अवघड नाही. प्रत्यक्षात तो रोमन लिपीत असला तरी सोयीसाठी देवनागरीत एक काल्पनिक पत्ता घेऊ: ‘अमुकखाते.गव्ह.इन/योजना/अर्ज.एचटीएम’. यातील पहिला भाग म्हणजे संकेतस्थळाचे नाव. टपालाच्या भाषेत गाव म्हणा. ‘योजना’ हा त्या गावातील वाडा. ‘अर्ज’ हे घराचे नाव. त्यामागे टिंब देऊन जी अक्षरे येतात त्यांना फाइलचे एक्स्टेन्शन म्हणतात. ते पान कोणत्या जातीच्या फाइलमध्ये ठेवले आहे अथवा कोणत्या संगणकीय पद्धतीने तयार होते, एवढेच या अक्षरांवरून कळते.

ही अक्षरे वारंवार का बदलतात, याला कारण आहे. आरंभीच्या काळात वैयक्तिक संगणकांवर एक्स्टेन्शन तीन अक्षरांपेक्षा मोठे चालत नसे, म्हणून अनेकांनी ‘एचटीएमएल’चे ‘एचटीएम’ केले. पुढे माहितीसंचातून आपोआप पान तयार करणाऱ्या पद्धती आल्या. ‘पीएचपी’ १९९५ च्या सुमारास सर्वांसाठी खुली झाली, मायक्रोसॉफ्टची ‘एएसपी’ १९९६ मध्ये आली आणि २००२ मध्ये तिची जागा ‘एएसपीएक्स’ने घेतली. प्रत्येक स्थित्यंतरात संकेतस्थळे नव्याने बांधली गेली आणि प्रत्येक वेळी पत्त्यांची शेपटे बदलली. पुढील दहा वर्षांत कोणती पद्धत येईल हे आज कोणी सांगू शकणार नाही.

आता यात नागरिकाचा संबंध कोठे येतो? पंगतीला बसलेल्या माणसाला भात चुलीवर शिजला की गॅसवर, याच्याशी कर्तव्य नसते. स्वयंपाकघरातील शेगडी बदलली म्हणून पाहुण्यांची आमंत्रणे रद्द होत नाहीत. एक्स्टेन्शन ही सर्वस्वी स्वयंपाकघरातील बाब आहे. ती दारावरच्या पाटीवर लिहिली गेली हीच मुळात चूक होय. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली लिहिलेल्या एका टिपणात पत्ते न बदलण्याचा आग्रह धरला आणि पत्त्यात फाइलचे एक्स्टेन्शन घालू नये, अशी सूचनाही त्यात केली. विशेष असे की, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत त्यांनी जे पहिले संकेतस्थळ उभारले, त्यातील पानाच्या पत्त्याच्या शेवटी ‘एचटीएमएल’ होतेच. पुढे तो पत्ता चालेनासा झाला, परंतु २०१३ मध्ये सर्नने ते पान मूळ पत्त्यावर, त्याच शेवटच्या अक्षरांसह, पुन्हा उपलब्ध करून दिले. एकदा बाहेर गेलेला पत्ता, सदोष असला तरी, चालू ठेवावयाचा असतो.

जमिनीच्या कागदांतील अनुभव

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला असे कोणी समजू नये. गोव्यातील शेतकऱ्याला त्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आहे. पोर्तुगीज अमदानीतील खरेदीखतात जमिनीची ओळख नोंदणी कचेरीतील ‘देस्क्रिसांव’ क्रमांकाने आणि कर-आकारणीच्या ‘मात्रिज’ क्रमांकाने दिलेली असे. मुक्तीनंतर, १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार नव्याने मोजणी झाली आणि जमिनींना सर्व्हे क्रमांक व उपविभाग मिळाले. आज व्यवहार होतो तो ‘एक व चौदा’च्या उताऱ्यावर. परंतु आजोबांच्या कपाटातून निघते ते जुने खत, त्यावर जुना क्रमांक. जुना क्रमांक म्हणजे आजचा कोणता सर्व्हे क्रमांक, याचा मेळ जेथे सरळ लागतो तेथे काम होते. जेथे लागत नाही तेथे चतुःसीमा, शेजाऱ्यांची नावे, झाडे व ओहोळ यांवरून शोध घ्यावा लागतो, आणि पुष्कळदा प्रकरण न्यायालयात जाते. जमीन जागची हललेली नसते. जुन्या नावावरून नव्या नावाकडे नेणारी वाट तेवढी नाहीशी झालेली असते.

याउलट उदाहरण पणजी येथील पुराभिलेखागाराचे आहे. या दप्तराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. इतिहासकार दिओगु दु कोउतु हा त्याचा पहिला रक्षक. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी येथील कागदपत्रांचा मार्गदर्शक ग्रंथ तयार केला, तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. दप्तरांना मालिका आणि ग्रंथक्रमांक असतात व अभ्यासक आपल्या तळटीपांत त्यांचाच हवाला देतो. दप्तराची नवी बांधणी झाली, कपाट बदलले, इमारत बदलली, तरी ग्रंथाचा क्रमांक तोच ठेवणे हे अभिलेखपालाचे कर्तव्य समजले जाते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याचे कर्तव्य याहून वेगळे नाही, मात्र ते अद्याप त्याच्या नेमणूक-पत्रात लिहिले जात नाही.

सर्व्हर काय उत्तर देतो

मोबाइलवर पत्ता टंकित केल्यावर ती मागणी संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे, म्हणजे पाने पुरविणाऱ्या संगणकाकडे जाते. सर्व्हर प्रथम एक तीन अंकी सांकेतिक उत्तर देतो. पान जागेवर असल्यास २००. नसल्यास ४०४, म्हणजे सापडले नाही. हेच उत्तर आमच्या मास्तरांना मिळाले. मात्र या दोहोंखेरीज आणखी काही उत्तरे सर्व्हरला येतात आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहेत.

गावातून मुंबईस बिऱ्हाड हलविलेल्या माणसाचे पत्र आले, तर पोस्टमन काय करतो? त्याला नवा पत्ता ठाऊक असल्यास पाकिटावर तो लिहून पत्र पुढे पाठवितो. ‘राहात नाही’ असा शेरा मारून परत पाठविणे हा शेवटचा उपाय. सर्व्हरलाही ही रीत शिकविता येते. ३०१ या उत्तराचा अर्थ ‘कायमचे स्थलांतर झाले आहे, नवा पत्ता हा’. ३०२ चा अर्थ ‘तात्पुरते दुसरीकडे आहे’. ही उत्तरे मिळताच मोबाइल स्वतःहून नव्या पत्त्यावर जातो. पाहणाऱ्याला बहुधा कळतही नाही. एक्स्टेन्शन बदलताना ३०१ हेच उत्तर योजावयास हवे, कारण बदल कायमचा आहे. ३०२ दिल्यास शोधयंत्रांना बदल तात्पुरता वाटतो व जुना पत्ताच त्यांच्या नोंदीत राहण्याचा संभव असतो.

अर्ज भरून घेणाऱ्या पानांविषयी थोडी अधिक सावधगिरी बाळगावी. नागरिकाने भरलेली माहिती ज्या पत्त्यावर पाठविली जाते तो पत्ता ३०१ ने वळविला, तर पुष्कळसे ब्राउझर नव्या पत्त्याकडे निघताना भरलेली माहिती मागे टाकून केवळ पान मागवितात. अर्जदाराला वाटते अर्ज गेला. कार्यालयात काहीच पोचलेले नसते. अशा ठिकाणी ३०८ हे उत्तर वापरावे. त्यात स्थलांतर कायमचे असते आणि भरलेली माहिती जशीच्या तशी पुढे जाते. तंत्रज्ञाशी बोलताना खात्यातील अधिकाऱ्याने हा एक अंक लक्षात ठेवला तरी पुढील बऱ्याच तक्रारी टळतील.

प्रत्यक्ष काम

केवळ एक्स्टेन्शनच बदलले असेल, पानांची नावे तीच असतील, तर काम फार थोडे आहे. प्रत्येक पानासाठी वेगळी नोंद करावी लागत नाही. सर्व्हरवर एकच नियम लिहिता येतो की, ज्या पत्त्याच्या अखेरीस टिंब व ‘एचटीएम’ आहे, त्याचा तेवढा शेवट काढून उरलेल्या नावाकडे ३०१ ने पाठवावे. अपाची या प्रचलित सर्व्हरमध्ये यासाठी पत्ता-पुनर्लेखनाची सोय आहे, इतर सर्व्हरांतही तत्सम सोयी आहेत. शंभर पाने असोत की दहा हजार, नियम एक-दोन ओळींचा. या संधीचा लाभ घेऊन नव्या पत्त्यांत कोणतेच एक्स्टेन्शन ठेवू नये. ‘योजना/अर्ज’ एवढाच पत्ता ठेवावा. मागे कोणती पद्धत आहे ते सर्व्हर पाहून घेईल. पुढच्या वेळी शेगडी बदलली तरी पाटी बदलावी लागणार नाही.

खरी कटकट असते ती पानांची नावेही बदलली असतील तेव्हा. मग जुना पत्ता आणि नवा पत्ता यांचा तक्ता करण्यावाचून गत्यंतर नसते. जुन्या पत्त्यांची यादी चार ठिकाणांहून जमविता येते. सर्व्हरच्या नोंदवहीत कोणी कोणते पान मागितले हे तारखेसह नोंदलेले असते. जुन्या संकेतस्थळाची संपूर्ण प्रत ठेवलेली असेल तर उत्तमच. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेने जगभरातील पानांच्या प्रती जतन केल्या असून त्या २००१ पासून सर्वांना पाहता येतात. त्यांत आपल्या खात्याची जुनी पानेही सापडण्याचा संभव आहे. आणि चौथे ठिकाण, ज्याचा तंत्रज्ञास सहसा विसर पडतो, ते म्हणजे खात्याची स्वतःची परिपत्रके व पत्रके. आवक-जावक शाखेतील लिपिकाने दोन दिवस बसून ती चाळली, तर कागदावर गेलेला प्रत्येक पत्ता यादीत येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे चौथे काम सर्वांत आधी करावयास हवे, कारण पडद्यावरचा दुवा दुरुस्त होऊ शकतो, कागदावरचा होत नाही.

काही खाचखळगे नेहमीचे आहेत. विंडोज पद्धतीच्या सर्व्हरवर पत्त्यातील रोमन मोठी व लहान अक्षरे सारखीच मानली जातात. लिनक्स पद्धतीवर ती भिन्न समजली जातात. ‘एएसपी’कडून ‘पीएचपी’कडे जाताना पुष्कळदा सर्व्हरही बदलतो, आणि पत्रकात मोठ्या अक्षराने छापलेला ‘फॉर्म’ लहान अक्षराच्या ‘फॉर्म’ला पारखा होतो. नियम लिहितानाच दोन्ही रूपे स्वीकारण्याची तजवीज करावी. प्रश्नचिन्हापुढे क्रमांक असलेले पत्ते केवळ शेपूट बदलून नेहमीच नीट वळत नाहीत, ते वेगळे तपासावेत. दोन वेळा स्थलांतर झालेल्या संकेतस्थळावर पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर व तेथून तिसऱ्यावर अशी साखळी होऊ देऊ नये. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर न्यावे. चुकीच्या नियमामुळे जुना पत्ता नव्याकडे आणि नवा पुन्हा जुन्याकडे बोट दाखवू लागला, तर ब्राउझर काही फेऱ्या मारून नाद सोडतो.

एका पळवाटेचा निषेध केल्यावाचून राहवत नाही. सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळविले की ४०४ दिसत नाही व अहवालात काम पूर्ण झाल्याचे दाखविता येते. परंतु अर्जाचा नमुना मागणारा माणूस मान्यवरांच्या छायाचित्रांपाशी येऊन उभा राहतो आणि तेथून पुढची वाट त्याला ठाऊक नसते. त्यापेक्षा ‘सापडले नाही’ हे उत्तर अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

योजना खरोखरच संपली असेल तर? तिचे पान काढून टाकू नये. ते त्याच पत्त्यावर ठेवावे आणि वर ठळकपणे लिहावे की योजना अमुक तारखेस संपुष्टात आली, त्याऐवजी अमुक योजना चालू आहे. म्हणजे सापडत नाही याचा अर्थ बंद झाली, असा तर्क कोणास करावा लागणार नाही. पान हेतुपुरस्सर कायमचे काढले असल्यास सर्व्हरने ४१० हे उत्तर द्यावे. ते ४०४ हून स्पष्ट आहे.

वळणाचे हे नियम किती काळ ठेवावेत, असा प्रश्न तंत्रज्ञ विचारतात. शोधयंत्राच्या सोयीसाठी निदान एक वर्ष, असे गूगलचे सांगणे आहे. हा हिशेब यंत्राचा झाला. न्यायालयीन कागद आणि शाळेच्या फायली यांचे आयुष्य याहून फार मोठे असते. नियम ठेवण्यास खर्च जवळजवळ नाही, म्हणून ते काढूच नयेत. हेच संकेतस्थळाच्या नावालाही लागू आहे. अनेक शासकीय संकेतस्थळे पूर्वी ‘एनआयसी.इन’ने संपणाऱ्या नावाखाली होती, ती पुढे ‘गव्ह.इन’खाली आली. असे स्थलांतर झाल्यावर जुने नावही चालू ठेवावयास हवे. काही कार्यालयांनी कधीकाळी ‘कॉम’सारखी खासगी नावे घेतली असतील, तर त्यांची मुदत संपू देणे विशेष धोक्याचे आहे. सोडून दिलेले असे नाव कोणीही विकत घेऊ शकतो आणि शासनाच्या छापील पत्रकावरील पत्ता मग परक्याच्या दारात नेऊन सोडतो.

क्रमांकाचा आधार

पत्ता टिकाऊ कसा असावा, याचे एक चांगले उदाहरण आपल्या राज्यातच आहे. गोव्याच्या राजपत्राच्या अंकांना शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर जी फाइल-नावे दिली जातात, त्यांत राजपत्राचे वर्ष, अंकाचा क्रमांक व मालिका यांचा समावेश असतो. २०१५-१६ या वर्षाचा सदतिसावा अंक, मालिका पहिली, हे सारे नावातच वाचता येते. संकेतस्थळ उद्या बदलले तरी या तीन गोष्टी बदलणार नाहीत, कारण त्या अंकाच्या स्वतःच्या आहेत.

महाराष्ट्र शासनानेही असाच मार्ग अवलंबिला आहे. शासन निर्णयाच्या अखेरीस, तो संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संगणक सांकेतांक अमुक आहे, असे वाक्य असते. सीमाभागातील शिक्षकांना ते परिचित आहे. तो लांबलचक अंक वर्ष, महिना व दिवस यांनी सुरू होतो. पानाचा पत्ता काहीही होवो, त्या अंकावरून निर्णयाचा शोध घेता येतो.

मराठी विश्वकोशाचा अनुभव मात्र थोडा निराळा आहे. वाई येथून १९७६ साली ज्याचा पहिला संहिताखंड निघाला, त्या विश्वकोशाचा हवाला खंड व पृष्ठ देऊन कोणी लिहिला असेल तर तो आजही ग्रंथालयात पडताळता येतो. कोश इंटरनेटवर आला तेव्हा नोंदींच्या पत्त्यांत खंडाचे नाव, ‘इंडेक्स.पीएचपी’ आणि नोंदीचा संगणकीय क्रमांक असे. आज शासनाच्या ‘विश्वकोश.मराठी.गव्ह.इन’ या संकेतस्थळावर नावापुढे केवळ एक अंक असतो. नवे पत्ते सुटसुटीत आहेत, त्यांत एक्स्टेन्शन नाही, हे स्वागतार्हच. परंतु जुने पत्ते कित्येक लेखांच्या तळटीपांत जसेच्या तसे राहिले आहेत, आणि जुना क्रमांक व नवा क्रमांक एकच असेल असे धरून चालता येत नाही. अशा वेळी ज्या लेखकाने पत्त्यासोबत नोंदीचे शीर्षक लिहून ठेवले, त्याचा वाचक वाचला. ज्याने केवळ पत्ता दिला, त्याच्या वाचकाचा मार्ग खुंटला.

यास्तव शिक्षकांना व ग्रामपंचायतींच्या सचिवांना एक विनंती आहे. कोणताही संकेतस्थळाचा पत्ता लिहिताना कागदाचे शीर्षक, काढणारे कार्यालय, क्रमांक व दिनांक हेही सोबत लिहावे. चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापला म्हणजे हा प्रश्न सुटतो असा समज आढळतो, तो बरोबर नाही. त्या ठिपक्यांत बहुधा पत्ताच साठविलेला असतो, फक्त तो माणसाला वाचता येत नाही. पत्ता मेला की कोडही मरतो, आणि काय मेले हेही कळत नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले जातात. पुस्तक हातोहाती वर्षानुवर्षे फिरते, म्हणून त्यांच्यामागील पत्ते टिकविण्याची जबाबदारीही तितकीच मोठी. लांब पत्ता आखूड करून देणाऱ्या खासगी सेवांवरही विसंबू नये. गूगलने अशी आपली सेवा २०१९ मध्ये नव्या पत्त्यांसाठी बंद केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, वापरात नसलेले जुने आखूड पत्तेही बंद केले.

ही अडचण आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती, आणि पाहणीतील शासकीय पानांपैकी २१ टक्के पानांवर निदान एक तरी दुवा तुटलेला होता. आपल्या केंद्र शासनाने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. दुवे तुटलेले नसावेत, ही अपेक्षा त्यांत आहेच. मात्र नव्या संकेतस्थळाच्या कामाचा करारनामा करताना जुन्या पत्त्यांचा तक्ता आणि त्यांची वळणे हे कलम खात्याने स्वतः घालून घ्यावे. पाने रंगवून देण्याचे देयक मंजूर झाल्यावर ठेकेदार या कामासाठी परत येत नाही, असा अनुभव आहे.

ज्या नागरिकास छापील पत्त्यावर पान मिळणार नाही, त्याने तो कागद टाकून देऊ नये व योजना बंद झाली असे समजू नये. कागदावरील क्रमांक, दिनांक आणि छापलेला पत्ता अक्षरशः उतरून घेऊन तो पंचायत सचिवांकडे अथवा संबंधित खात्याकडे लेखी द्यावा. पडद्यावर कोणता अंक दिसला, ४०४ की दुसरा, तेही लिहावे. तंत्रज्ञाचे निम्मे काम त्याने होते.

हळर्णच्या फलकावरील पत्रकाविषयी संबंधित खात्यास अशीच माहिती देण्यात आली. सर्व्हरवर दोन ओळींचा नियम घालण्यास अर्धा तासही लागला नाही. मुदतीचे आठ दिवस उरले होते. मास्तरांनी तोच कागद समोर धरून तोच पत्ता पुन्हा टंकित केला, तेव्हा अर्जाचा नमुना उघडला, आणि त्यांनी त्या दोघा शेतकऱ्यांच्या घरी निरोप धाडला.